अर्धांगवायूतून सावरणाऱ्या वडिलांची शुश्रूषा करता करता आई थकत चालली आहे

प्रश्न : सांगलीकर
चार महिन्यांपूर्वी वडिलांना (वय ७१) अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली असून, समजते सगळे, पण हवा तो शब्द तोंडी येत नाही. त्यांचे सर्व काही आई एकटी करते. रात्री दर दोन तासांनी उठून त्यांची कूस बदलते. तिची कंबर धरली आहे, स्वतःची रक्तदाबाची गोळी राहून जाते, आणि मावशी ठेवू म्हटले की ‘परक्या बाईच्या हातून त्यांना चालायचे नाही’ म्हणून विषय संपवते. मी पुण्यात नोकरीला असल्याने फक्त शनिवार-रविवार घरी असतो. तिचा भार कसा हलका करावा?

फिजिओ_कोल्हापूर
कंबर डॉक्टरांना दाखवाच, पण आई वडिलांना उठवतात कसे, तेही पाहा. खुर्ची त्यांच्या धड, म्हणजे डाव्या बाजूला लावून चाके अडकवावीत, दोन्ही पावले जमिनीवर टेकवून त्यांना पुढे झुकवावे आणि डाव्या पायावर त्यांनाच जोर देऊ द्यावा. धरायचे ते कमरेच्या रुंद पट्ट्याला. लुळा हात ओढून किंवा काखेत हात घालून उचलल्यास खांद्याला इजा होते. हे शिकवायला थेरपिस्टना शनिवारी बोलवा, म्हणजे आपणही शिकाल. हवेची गादी घेतली तरी कूस बदलणे सुटत नाही. मात्र रात्रीचे अंतर वाढवता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

मालतीकाकू
मी यजमानांचे तीन वर्षे केले. आमच्याकडे मावशी आल्या त्या भांडी आणि दळणासाठी. पंधरा दिवसांनी पाण्याचे घंगाळ धरू लागल्या, आणि महिन्याभरात ह्यांनीच त्यांना खुणेने बोलावले. दुसरे असे की, आईंना त्याच घरात ‘विश्रांती घे’ म्हणू नका. हे पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवून बोलवत. दीर मुक्कामाला असले तरी त्या आवाजाने मीच आधी उठत असे. शेवटी जाऊबाईंनी मला रात्री शेजारच्या घरी झोपायला धाडले.

वाचक७
वडिलांप्रमाणे आईंच्या मनावरही ताण येतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर त्या स्वतःसाठीही बोलू शकतात. वडिलांचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र मिळाले आणि ते आपल्यावर अवलंबून असले, तर जुन्या करप्रणालीत प्राप्तिकरात वजावट मिळते, हेही पाहून ठेवा.

सांगलीकर
सर्वांचे आभार. शनिवारी रात्री आईला माझ्या मावशीकडे पाठवले. बाबांना ताठ बसवून, ठसका लागू नये म्हणून लहान घासांनी, दाट पेज मीच भरवली. जाण्यापूर्वी आईने दीडपानी सूचना लिहून ठेवल्या होत्या. स्वतःची गोळी मात्र घरीच विसरली. रात्री दहा वाजता नेऊन दिली, तेव्हा ती गाढ झोपली होती.