वॉर्नाम्बूलची मे महिन्यातली रेस: जत्रा राहू दे, उड्या थांबवा

(एका ऑनलाइन धाग्यावरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

किनाऱ्यावरची

मी सात वर्षं ऑस्ट्रेलियात वॉर्नाम्बूलमध्ये राहते. मेलबर्नहून पश्चिमेला साधारण २६० किलोमीटर, समुद्राकाठचं पस्तीस हजार वस्तीचं गाव. भोवताली सगळा दूधदुभत्याचा मुलूख. मे महिना लागला की मंगळवार ते गुरुवार असे तीन दिवस इथे घोड्यांच्या शर्यती असतात आणि गावाचा चेहराच बदलतो. गुरुवारी ग्रँड ॲन्युअल स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत धावायची शर्यत. पहिल्यांदा धावली १८७२ साली. अंतर साडेपाच किलोमीटर आणि वाटेत ३३ अडथळे. जगात दुसऱ्या कुठल्याही शर्यतीत इतक्या उड्या नाहीत. इंग्लंडच्या ग्रँड नॅशनललासुद्धा तीसच आहेत.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. घोडे नुसते गोल मैदानात फिरत नाहीत. रेसकोर्सचं कुंपण ओलांडून बाहेर पडतात, टोझर रोडवरून पलीकडे जातात, कुरणांतून धावत पुन्हा आत येतात. लोक बाजूच्या टेकडीवर गवतात बसलेले असतात. पहिल्या वर्षी मीही तिथेच होते. मैत्रिणीचा हात धरून ओरडत होते. एक घोडा अडथळ्याला अडखळून तोंडावर पडला आणि हजारो माणसांची टेकडी एका क्षणात गप्प झाली. तो उठला, जॉकीही उठला, मग टाळ्या पडल्या. पण मला ती शांतता विसरता आली नाही. कारण त्या क्षणी तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की काय होऊ शकतं. ठाऊक असूनच आपण सगळे आलो होतो.

माझं म्हणणं एवढंच: तीन दिवसांचा सण राहू द्या. सपाट शर्यती, वॉर्नाम्बूल कप, वँगूम हँडिकॅप, सगळं राहू द्या. उड्यांच्या शर्यती थांबवा. न्यू साउथ वेल्सने १९९७ साली कायद्याने थांबवल्या. टास्मानियात २००७ मध्ये संपल्या. साउथ ऑस्ट्रेलियातही संपल्या. आता फक्त व्हिक्टोरिया उरलंय, आणि व्हिक्टोरियात या शर्यतींचं काळीज म्हणजे आमचं गाव.

पागेतला

ताई, मी पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे फिरवायला शिकलो आणि अकरा वर्षांपूर्वी इकडे आलो. इथल्या पागांमध्ये पहाटे घोड्यावर बसणारी आपली बरीच पोरं आहेत. तुम्ही टेकडीवरून पाहिलंत, मी खोगिरातून पाहतो, म्हणून लिहितो.

उड्यांचा घोडा कोण असतो? सपाट शर्यतीत ज्याचा वेग कमी पडला तो. वय सहा, सात, कधी दहा. मालक म्हणतो, याला काढून टाका. काढून टाका म्हणजे काय, ते सगळ्यांना समजतं. अशा घोड्याला आम्ही लाकडाच्या ओंडक्यावरून चालवतो, मग छोटी उडी, मग मोठी. ज्याला आवडत नाही तो पहिल्या आठवड्यात सांगतो, थांबतो, मान वळवतो. त्याला पुढे नेतच नाही. ज्याला आवडतं तो कान पुढे करून अडथळ्याकडे ओढत नेतो, लगाम हातातून सुटेल अशी ओढ असते. चाचणीत पंचांसमोर उड्या मारून पास झाल्याशिवाय त्याला शर्यतीत उतरवत नाहीत.

बुधवारी गॅलीवूड हर्डल असते, तीही उड्यांचीच शर्यत. ते नाव एका घोड्याचं आहे. ग्रँड ॲन्युअलमध्ये पडला तेव्हा हा गेलाच असं सगळ्यांनी धरलं होतं. तो उठला, बरा झाला आणि पुढे तीच शर्यत जिंकला. या गावात पोराटोरांना ती गोष्ट पाठ आहे.

आणि उड्या काढून सण ठेवा म्हणता, तर उरतं काय? सपाट शर्यती मेलबर्नमध्ये दर शनिवारी होतात. त्यासाठी अडीचशे किलोमीटर कोण येईल?

खुरांचा वैद्य

मी घोड्यांचा पशुवैद्य आहे, व्हिक्टोरियातच काम करतो. पागेतल्या भावाने लिहिलेलं खरं आहे. चांगल्या पागेत उड्यांच्या घोड्यावर जी माया असते ती मी पाहिली आहे. पण मायेने हाड वाचत नाही.

मेलबर्न विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी १९८९ ते २००४ या काळातल्या व्हिक्टोरियातल्या शर्यतींच्या नोंदी तपासल्या होत्या. सपाट शर्यतीत धावलेल्या दर हजार घोड्यांमागे मृत्यू साधारण ०.४४. उड्यांच्या शर्यतीत ८.३. जवळजवळ एकोणीसपट. त्यानंतर अडथळे बदलले, नियम कडक झाले, त्यामुळे हाच आकडा आजचा म्हणून मी सांगणार नाही. पण एवढं मोठं अंतर अडथळ्यांना नुसती गादी लावून भरून निघत नाही.

लोक विचारतात, पाय मोडला तर प्लास्टर का नाही? घोडा पाचशे किलोचा. एक पाय उचलून धरला की तो भार दुसऱ्या पायांवर जातो, तिथल्या खुराच्या आतला जिवंत थर सुजतो, सुटतो, आणि मग चांगला पायही जातो. गुडघ्याखालच्या नळीवर मांस नाही, नुसती कातडी आणि स्नायूंच्या दोऱ्या. हाडाचे तुकडे कातडी फाडून बाहेर आले, माती आत गेली, की वाचवण्यासारखं फार थोडं उरतं. म्हणून हिरवा पडदा लावतात आणि तिथेच संपवतात. ते क्रूर नसतं. त्या क्षणी तीच दया असते. माझा प्रश्न त्या क्षणाच्या आधीच्या पाच मिनिटांबद्दल आहे. चार किलोमीटर धावून दमलेल्या घोड्यासमोर पुन्हा अडथळा यायलाच हवा का?

चाकणकर गाडामालक

मी ऑस्ट्रेलियात नाही, खेड तालुक्यात आहे. भाचा मेलबर्नला असतो, त्याने हा धागा दाखवला. वाचून राहवलं नाही.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने आमच्या बैलगाडा शर्यती बंद केल्या. २०१७ ला विधानसभेने कायदा केला तरी शर्यतीचा घाट सुनाच. डिसेंबर २०२१ ला तात्पुरती परवानगी आली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा उचलून धरला. मधली सात वर्षं आम्ही काय पाहिलं ते सांगतो. आमच्या आळीत चार दावणी रिकाम्या झाल्या. शर्यतीचा खिल्लार कोणी घरी शोभेला ठेवत नाही. त्याला खुराक लागतो, रोज फिरवायला माणूस लागतो. शर्यत गेली की बैल बाजारात जातो, आणि बाजारातून कुठे जातो ते विचारू नका.

पागेतला भाऊ तेच सांगतोय. बंदी घालणाऱ्याला वाटतं जनावर वाचलं. जनावर वाचत नाही, दिसेनासं होतं. आमच्या घाटात बारीला, म्हणजे बैलांच्या प्रत्येक धावेला, पुढे घोडी पळते, तिच्यावर पोरगं बसलेलं असतं. त्या घोडीला आमच्या घरात आईसारखा मान आहे. शहरात बसून हे कळत नाही.

किनाऱ्यावरची

काका, तुमचं दुःख मला समजतं. माझं आजोळ जुन्नरकडचं, घाटातल्या यात्रेला मी लहानपणी गेले आहे. पण दोन गोष्टी एका मापाने मोजू नका. बैलांची बारी सेकंदांत संपते. तिथे उड्या नाहीत, पाठीवर माणूस नाही. शिवाय तुमचा कायदा टिकला तो नियमांसकट टिकला: चाबूक नाही, पराणी नाही, तपासणी आणि परवानगी. म्हणजे तुम्हीही काहीतरी सोडलंत आणि शर्यत राखलीत. मी वॉर्नाम्बूलकडे तेच मागते आहे.

पागेतला

ताई, त्यांनी पराणी सोडली, बैल नाही सोडले. तुम्ही आम्हाला बैलच सोडायला सांगताय.

ॲडलेडहून

ओकबँकचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. ॲडलेडजवळच्या टेकड्यांत ईस्टरला तिथे ग्रेट ईस्टर्न स्टीपलचेस व्हायची, शंभराहून जास्त वर्षांची परंपरा. आडव्या पडलेल्या झाडाच्या ओंडक्यावरून घोडे उडी मारायचे, त्याचे फोटो जगभर गेले. २०२१ नंतर उड्या बंद झाल्या आणि २०२२ ला साउथ ऑस्ट्रेलिया राज्याने कायदाही केला. त्याआधी क्लबच्या सभासदांमध्ये उभी फूट पडली होती. आमच्या शेजारचे दोन सख्खे भाऊ वर्षभर बोलत नव्हते.

मी आधीही जायचे, नंतरही गेले. खोटं सांगणार नाही: तो श्वास रोखून धरायचा क्षण गेला. गवतावर चादर टाकून बसलेली कुटुंबं मात्र आहेत. मुलांना घेऊन जाताना आता माझ्या मनावर दडपण नसतं. पूर्वी शर्यत सुरू झाली की मी धाकटीला मुद्दाम आईस्क्रीमच्या गाडीकडे न्यायचे. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं.

सपाटही नको

तुम्ही सगळे उड्यांवर भांडताय आणि सपाट शर्यतीला सोडून देताय. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीने दाखवलं होतं, शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे क्वीन्सलँडच्या कत्तलखान्यात कसे पोचतात. ते बहुतेक सपाट धावणारेच होते. त्याच वर्षी डॅरेन वियरसारखा मेलबर्न कप जिंकलेला ट्रेनर विजेचा झटका देणारी यंत्रं बाळगल्याबद्दल चार वर्षांसाठी बाद झाला. त्याची एक पागा वॉर्नाम्बूललाच होती. मेलबर्न कप ही सपाटच शर्यत आहे ना?

दोन वर्षांच्या कोवळ्या घोड्याची हाडं पुरती भरलेली नसतात, तरी त्याला पळवतात. त्यामागे बुकींची रांग आणि फोनवर लागणाऱ्या पैजा. उड्या काढल्या की तुमच्या मनाला बरं वाटेल, आणि उरलेलं आणखी पन्नास वर्षं कोणी विचारणार नाही. म्हणून मी किनाऱ्यावरच्या ताईंच्या विरोधात आहे, पागेतल्याच्या बाजूने नव्हे.

मोटेलवाले

आमचं या भागात बारा खोल्यांचं मोटेल आहे. उन्हाळ्यात ग्रेट ओशन रोडचे पर्यटक येतात. जूननंतर लोगन्स बीचवर देवमासे येतात, त्यांना पाहायला माणसं येतात. एप्रिलची सुट्टी संपली की मधला काळ गार आणि रिकामा. त्या पोकळीत ही रेस येते. आमच्या खोल्या पुढच्या वर्षासाठी याच वर्षी भरतात. गेल्या वीस वर्षांपासून तेच तेच लोक येतात, आयरिश आडनावांचे, शेजारच्या कोरोइट गावाकडच्या बटाट्याच्या शेतांतले, न्यूझीलंडचे. ते सपाट शर्यतीसाठी येत नाहीत. मी घोड्यांतलं फार जाणत नाही. पण उड्या गेल्या तर मला कोणाचं काम कमी करावं लागेल, त्यांची नावं मला माहीत आहेत.

खुरांचा वैद्य

मोटेलवाल्यांची काळजी खरी आहे, तिला उत्तर द्यायला हवं. माझं उत्तर पुरेसं नाही, तरी देतो: हा निर्णय गावावर अचानक कोसळला तर जास्त लागेल. २००९ आठवा. इथल्या मे महिन्यात घोडे मेले, शर्यती स्थगित झाल्या, २०१० नंतर कायमच्या बंद असं जाहीर झालं, आणि वर्षाच्या आत तो निर्णय फिरवला. २०११ ला बॅना स्ट्रँड नावाचा घोडा जॉकी पडल्यावर मोकळा सुटून कुंपणावरून थेट प्रेक्षकांत घुसला, माणसं जखमी झाली. पुन्हा तोच गलका. दर वेळी घोडा मेला की घाई, आणि गवत वाढलं की विसर. त्यापेक्षा पाच वर्षांची मुदत ठरवा. त्या मुदतीत नवीन घोड्यांना उड्या शिकवणं थांबवा, आहेत त्यांना त्यांची वर्षं पूर्ण करू द्या, आणि त्यांच्या पुढच्या सांभाळाचा खर्च बक्षिसाच्या रकमेतून आधीच बाजूला काढा.

पागेतला

डॉक्टर, तुमच्या बोलण्यातली एक गोष्ट मी मानतो. शेवटच्या टप्प्यातल्या दमलेल्या घोड्याची. मागे राहिलेला, हरलेला घोडा जॉकीने थांबवावा असा नियम आहे, पण तो आणखी लवकर थांबवायला हवा. मी स्वतः ओरडलो आहे, 'थांबव त्याला', आणि कोणी ऐकलं नाही. अडथळे ३३ च्या जागी २५ झाले तरी माझी हरकत नाही, मालकांची असेल. पण पाच वर्षांनी संपवा म्हणता तिथे मी तुमच्यासोबत नाही. शिकवणं आज थांबवलं तर यंदा सपाट शर्यतीतून बाहेर पडणारे घोडे कुठे जातील? सांभाळाचे पैसे बाजूला ठेवा म्हणालात, ते त्यांच्यासाठीही ठेवणार का? हे लेखी कोण देणार?

खुरांचा वैद्य

त्यांच्यासाठीही. लेखी नसेल तर मीही मुदतीच्या बाजूने मत देणार नाही.

किनाऱ्यावरची

२५ वर तुम्ही आलात हे मला कमी वाटत नाही. माझं मत बदललेलं नाही. पण पहाटे घोड्याजवळ मी कधी उभी राहिले नाही, हे खरं आहे.

पागेतला

मग या. मंगळवारी लेडी बेच्या किनाऱ्यावर, पहाटे साडेपाचला. अंधार असतो, गार वारा असतो, गरम कपडे घाला. माझ्याकडचा नऊ वर्षांचा आहे, काळा, कपाळावर पांढरा टिळा. समुद्रात छातीपर्यंत पाणी आलं की तो थांबून लाटेकडे बघत राहतो. गाजर आणा, साखर नको.