मोजणीचंही बघा
हिपहॉप रेडिओचे श्रोते स्ट्रीमिंगने पळवले, असं म्हटलं जातं. मला अर्धंच पटतं. अमेरिकेत स्ट्रीमिंगचा बोलबाला व्हायच्या आधीच रेडिओचे श्रोते मोजायची पद्धत बदलली होती. पूर्वी श्रोते डायरीत स्टेशनचं नाव लिहायचे, साहजिकच लाडक्या स्टेशनचं जरा जास्तच! मग श्रोते मोजणाऱ्या आर्बिट्रॉन कंपनीने त्यांना पेजरएवढं यंत्र दिलं. ते प्रसारणातला कानाला न कळणारा संकेत टिपायचं, म्हणजे कानावर पडलं तेवढंच मोजलं जायचं. त्यातही कृष्णवर्णीय आणि लॅटिनो श्रोते नमुन्यात कमी धरले, असा आरोप करत २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांनी) कंपनीवर खटलाही भरला.

आवडीचं म्हणाल, तर ह्यूस्टनच्या ९२.१ एफएम स्टेशनने २०१४ मध्ये बातम्या बंद करून जुनं हिपहॉप लावलं आणि श्रोते वाढले की! नवं गाणं मात्र रेडिओवर येईस्तोवर पोरांनी फोनवर ऐकून सोडून दिलेलं असतं.