एमडीनंतरची पीएचडी अर्ध्यावर का सुटते?

कृष्णाकाठ: सांगली-मिरजेकडं एमडी झाल्यावर नोकरी सांभाळून पीएचडीला रजिस्ट्रेशन करतात आणि मधेच नाव काढून घेतात. विचारलं की ‘वेळ मिळत नाही’. खरं कुठं अडतं?

केसपेपर: बहुतेकदा सॅम्पल साइझमध्ये, म्हणजे अभ्यासाला किती पेशंट लागतात त्यात. सूत्र साधंच, ४ × पी × क्यू ÷ एल². पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे चालण्याजोगी चूक. अपेक्षित प्रमाण २० टक्के, चूक ५ टक्के धरली तर ४ × २० × ८० ÷ २५ = २५६. गळती (मधेच सोडून जाणारे पेशंट) १० टक्के धरायची तर २५६ ला ०.९ नं भागा, २८५ येतात. बरेच जण नुसते १० टक्के मिळवून २८२ लिहितात, ते कमी पडतात. आता ओपीडीत निकषात बसणारे महिन्याला आठ येत असतील आणि सहाच संमती देत असतील, तर भरतीलाच ४८ महिने. वर सहा महिन्यांचा फॉलोअप. सुरुवातीचा कोर्सवर्क आणि एथिक्स कमिटीची (पेशंटवरच्या अभ्यासाला परवानगी देणारी समिती) मंजुरी वेगळी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत मुदत सहा वर्षं, रि-रजिस्ट्रेशननं आणखी दोन. प्रबंध लिहायचा कधी?

जतकर: फॉलोअप वरच्या हिशोबात एका ओळीत उरकलाय, पण आपल्याकडं खरा खड्डा तोच. ऊसतोडीच्या हंगामात भरती केलेला मजूर कारखान्याचा पट्टा पडला (गाळप संपलं) की बीडकडं परत. सहाव्या महिन्याच्या तपासणीला येणार कोण? त्यांना निकषातच वगळा, नाहीतर फोनवरचा फॉलोअप प्रोटोकॉलमध्ये (अभ्यासाच्या आराखड्यात) आधीच लिहा. दुसरं, जत-अथणीकडचे पेशंट कन्नड बोलतात. संमतीपत्र नुसतं मराठीत दिलं तर कमिटी परत पाठवते. मग कन्नड भाषांतर, ताडून बघायला परत मराठीत उलट भाषांतर, पुढची बैठक. मंजुरीआधी घेतलेला पेशंट मोजता येत नाही. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयची (देशातल्या ट्रायलची नोंदवही) नोंदही पहिल्या पेशंटआधीच हवी, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून घेत नाहीत.

घाटमाथा: गाईडची निवृत्तीची तारीख बघा. तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. साडेतीन उरलेले नियमात बसतात, पण काम पाच वर्षांचं. मधे गाईड बदलला की नव्यांना विषयच पटत नाही, आणि तिथंच माणूस कंटाळतो. को-गाईड पहिल्या दिवसापासून घ्या.

कृष्णाकाठ: महिन्याला किती पेशंट मिळतील ते काढायला ओपीडी रजिस्टर मागच्या सहा महिन्यांचं बघितलं तर चालेल?

केसपेपर: वर्षाचं बघा, गणपती-दिवाळीत ओपीडी रोडावते. आणि जुना पेशंट दर भेटीला नवा धरू नका, नाहीतर आठाचे वीस दिसतील.