मराठी वेबसाइटवर शिरोरेषा तुटायलीय, काय करावं?

लातूरचा_पोरगा:
मंडळी, आमच्याकडल्या एका आडत दुकानासाठी वेबसाइट करायलोय, रोजचे सोयाबीन-तुरीचे भाव अन् थोडी पिकाची माहिती. थीम (वेबसाइटचा तयार साचा) इंग्रजी आहे, तिच्यात मराठी टाकलं की हेडिंगमधी शिरोरेषा तुटायलीय, अन् वरचा रफार नाहीतर खालचा उकार कापला जायलाय. फॉन्ट बदलून बघितले, फरक शून्य. शेतकरी लोक फोनवरच बघणार, कुणीतरी सांगा राव.

नांदेडकर_वेब:
फॉन्ट सोडा, आधी थीमची सीएसएस (पानाची मांडणी-सजावट ठरवणारी फाइल) उघडा. हेडिंगला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, दिलेलं असणार, ते काढा, रेषा जुळंल. कापायलंय ते लाइन-हाइटमुळं, म्हणजे ओळीच्या उंचीमुळं, इंग्रजी हेडिंगला अक्षराच्या आकाराच्या १.१-१.२ पट भागून जातं पण आपल्याला वर मात्रा-रफार-अनुस्वार अन् खाली उकार, जोडाक्षरं, एवढ्याला जागा लागतेच. मी मजकुराला १.७ अन् हेडिंगला १.४ च्या आसपास ठेवतो. तरीबी कापलं तर त्या भागाला ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर गेलेलं लपवायचा नियम) लावलंय का बघा.

अंबाजोगाई_अक्षर:
वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट लोक कायम विसरतात अन् मला ते लै खटकतं. पानाच्या कोडात सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमधी लँग एमआर (lang="mr", म्हणजे भाषा मराठी) लिहा. काही फॉन्टमधी मराठी वळणाचा ल अन् श आत असतो, पण भाषा मराठी आहे हे कळल्याशिवाय ब्राउझर तो दाखवत नाही, हिंदी वळणाचाच दिसतो. आपली लेकरं शाळेत जो ल गिरवतात तोच भावाच्या पाटीवर दिसायला पाहिजे ना. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमधी हे वळण थेटच आहे, वाचायला देखणा, फक्त त्यात बोल्ड नाही, हेडिंगला बोल्ड लावलं तर ब्राउझर स्वतःच अक्षर जाड करतो अन् ते चिकट दिसतं. हेडिंगला ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा मुक्ता घ्या, त्यात सात वजनं (अक्षराच्या जाडीचे प्रकार) आहेत. जस्टिफाय (ओळीच्या दोन्ही कडा सरळ) मात्र करू नका, फोनच्या अरुंद ओळीत शब्दांमधी खड्डे पडतात.

लातूरचा_पोरगा:
लेटर-स्पेसिंगच होतं! रेषा जुळली, आभारी आहे दादा. पण खेड्यात रेंज कमी राहती, दोन फॉन्टनं पान जड होईल का?

नांदेडकर_वेब:
होतं की. मुक्ताची सातही वजनं चढवू नका, एकच बोल्ड घ्या. फॉन्टची फाइल डब्ल्यूओएफएफ२ (WOFF2, वेबसाठी दाबून लहान केलेला प्रकार) मधीच ठेवा अन् फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप करा, म्हणजे फॉन्ट यायच्या आधी फोनमधल्या अक्षरात भाव दिसतील. भावाचे आकडे तेवढे उजवीकडून लावा, ४,२०० अन् ११,५०० एकाखाली एक नीट वाचता येतात.