पॅट मार्टिनो: तुमच्या आठवणी इथे लिहा

फिलाडेल्फियाचा जॅझ गिटारवादक पॅट मार्टिनो १ नोव्हेंबर २०२१ ला गेला. वय ७७. श्वसनाच्या आजारामुळे शेवटची तीनेक वर्षं त्याला वाजवता येत नव्हतं. बातमी अनपेक्षित नव्हती, तरी दोन दिवस मला दुसरं काही ऐकवत नाहीये. मृत्युलेखांमध्ये जिकडेतिकडे तीच हकीकत: १९८० ची मेंदूची शस्त्रक्रिया, गेलेली स्मृती, पुन्हा शिकलेली गिटार. तिच्याबद्दल लिहाच. पण त्याचं वाजवणं तुमच्यापर्यंत कसं पोचलं, तेही लिहा. एक ओळ असली तरी चालेल.

* * *

माझ्यासाठी मार्टिनो म्हणजे १९७२ मधलं 'सनी' या गाण्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग. सोलो रंगात आलेला असताना तो एक छोटा तुकडा पकडतो आणि सोडतच नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रेकॉर्ड अडकली असं वाटून मी उठलो होतो. खाली कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलत राहतात, वर तेच सूर, तेच सूर; आणि कॉर्ड बदलली की त्याच सुरांचा रंग बदलतो. जीव टांगणीला लागतो. मग तो एकदाचा सुटतो, आणि जी तान निघते तिला कुठे श्वासाची जागाच नाही. अजूनही ती जागा आली की मी हातातलं काम थांबवतो.

* * *

मी गिटार शिकतो. प्रत्येक कॉर्डसाठी वेगळं स्केल, म्हणजे सुरांचा क्रम, घोकण्यात माझी कितीतरी वर्षं गेली. मार्टिनो सगळं मायनरमध्ये, उदास छटेच्या सुरावटीत, बघायचा. जी सेव्हन्थ कॉर्ड आली? डी मायनर वाजव. हे कळलं त्या संध्याकाळी मी जेवायचं विसरलो. दुसरी गोष्ट त्याहून सुंदर आहे. डिमिनिश्ड कॉर्डच्या, म्हणजे सारख्या अंतरावरच्या, चार सुरांपैकी कुठलाही एक अर्ध्या स्वराने उतरवा, डॉमिनंट सेव्हन्थ (जी सेव्हन्थच्याच जातीची) कॉर्ड हाती येते. चार सूर, चार कॉर्ड. गिटारवर फक्त एक बोट एक घर मागे घ्यायचं! हे त्याने गिटारच्या पट्टीवर डोळ्यांना दिसेल असं मांडलं. त्याच्यासारख्या जाड तारा लावून पाहिल्या, दोन दिवसांत बोटं सोलली. पण तो भरीव, गोल आवाज कुठून येतो ते समजलं.

* * *

फिलाडेल्फियात नोकरीला असताना एकदा समोर बसून ऐकलं. ऑर्गन ट्रिओ होता: गिटार, ऑर्गन, ड्रम. तरुणपणी ब्रदर जॅक मॅकडफ यांच्यासारख्या ऑर्गनवादकांबरोबर वाजवून तो घडला, आणि म्हातारपणीही ऑर्गन सोबतीला. किरकोळ शरीर, स्थिर खांदे, चेहऱ्यावर काही नाही. सगळी धावपळ मनगटात. कार्यक्रम संपल्यावर लोक भेटायला गेले. मी भिडेखातर लांबच उभी राहिले. आता रुखरुख लागते.

* * *

त्याच्या १९६८ च्या 'बैयिना' या रेकॉर्डमध्ये तबला आणि तंबोरा आहे. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी ऐका. तंबोऱ्यावर त्याची गिटार परकी वाटत नाही.

* * *

मी जॅझ फारसं ऐकत नाही. माझे वडील बासरी वाजवायचे. मेंदूत रक्तस्राव झाला, ऑपरेशन झालं, ते घरी आले, पण मला 'आपण कोण?' असं विचारायचे. त्यांना आठवावं म्हणून मी त्यांच्याच जुन्या कॅसेट लावायचे. ते अस्वस्थ व्हायचे, 'बंद करा ते' म्हणायचे. मला वाईट वाटायचं, रागही यायचा.

त्याच दिवसांत कोणीतरी मार्टिनोबद्दल सांगितलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या जन्मजात गुंत्यामुळे शस्त्रक्रिया झाली, आणि शुद्धीवर आल्यावर त्याने आईवडिलांनाही ओळखलं नाही. त्याचे वडील घरात त्याच्या रेकॉर्ड लावत. वरच्या खोलीत पडल्या पडल्या ते सूर कानावर आले की त्याला त्रास व्हायचा. हे वाचलं आणि मी कॅसेट आवरून ठेवल्या. बासरी मात्र त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवली. तिच्याबद्दल एक अक्षर बोलले नाही.

आठ महिन्यांनी त्यांनी ती स्वतःहून उचलली. बंदिश एकही आठवली नाही. सा लावला आणि बराच वेळ लावून बसले.

* * *

ताई, तुमचं वाचून 'द रिटर्न' हे त्याचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. १९८७, न्यूयॉर्क, सोबत फक्त बास आणि ड्रम. शस्त्रक्रियेआधीच्या रेकॉर्ड जास्त सफाईदार आहेत असं मी नेहमी म्हणत आलो. पण शस्त्रक्रियेनंतर त्या रेकॉर्ड त्यानेही परक्याच्या ऐकाव्या तशा ऐकल्या, त्यांच्यावरून शिकला, आणि तरी इथे त्यांची नक्कल नाही. काही जागा खडबडीत आहेत, मुद्दाम अवघड वाट धरलेली आहे. मी आजवर हे रेकॉर्डिंग घाईने ऐकत होतो. दुसरी बाजू अजून व्हायची आहे, ती ऐकून उद्या लिहितो.