आईचं पहिलं केमो नवतपात आलंय, आधी काय काय बघायचं?

नंदनवनचा_मुलगा

नमस्कार मंडळी. आई ६२ वर्षांची आहे. एप्रिलमध्ये मोठ्या आतड्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं, आता केमो. डॉक्टरांनी कॅपॉक्स लिहून दिलंय, म्हणजे दर २१ दिवसांनी ऑक्सॅलिप्लॅटिनची सलाईन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या १४ दिवस सकाळ-संध्याकाळ, मग आठवडाभर सुट्टी. पहिला डोस ऐन नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत येऊन राहिला. ओपीडीत एवढी गर्दी होती की विचारायचं अर्धं तोंडातच राहिलं.

आईला शुगर आहे, बीपी आहे. गुडघ्यांसाठी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक गोळी आणते, तिचं नाव तिलाच माहीत. बायकोला सातवा महिना चालू आहे, तिला माहेरी पाठवू का? आणि या औषधावर थंड चालत नाही म्हणे. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करून कसं राहायचं, सांगा बरं.

वर्धा_रोड

थंडाचं खरं आहे जी. माझ्या बाबांना हेच औषध होतं, तेही हिवाळ्यात. डोस घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दूध घ्यायला फाटकाची लोखंडी कडी धरली, तर हाताला करंट लागल्यासारखं झालं. मग हातमोजे घालूनच फिरायचे. आठवडाभरात कमी होत जातं, पुढच्या डोसला परत येतं. घाबरू नका, पण आईला आधी सांगून ठेवा.

सीताबर्डी_७२

गुळवेलीचा काढा सुरू करा. पांढऱ्या पेशी पडत नाहीत. आमच्या ओळखीत एकांनी घेतला, छान फरक पडला.

निवृत्त_सिस्टर

केमोच्या डे केअरमध्ये बरीच वर्षं काढलीत, म्हणून लिहिते. आधी काढ्याचं बोलू. गुळवेलीने यकृताला सूज आल्याच्या केसेस आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. केमोच्या तोंडावर लिव्हरचा रिपोर्ट बिघडला तर डोस पुढे ढकलतात, आणि बिघाड कशाने झाला हे शोधण्यात आठवडा जातो. तेव्हा काढा नको, निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नकोच.

दादा, तुमचं पहिलं काम हे की आईच्या तोंडात जे जे जातं ते सगळं एका पिशवीत भरून घेऊन जा. उशाखालची पट्टी, देवघरातलं चूर्ण, फ्रीजवरच्या डब्यातलं टॉनिक, सगळं. चिठ्ठीवर नावं लिहून नेऊ नका, पाकिटंच न्या. गुडघ्याची ती गोळी बहुतेक डायक्लोफिनॅकसारखी असेल. कॅपेसिटाबिन शरीराबाहेर पडतं ते मुख्यतः किडनीतून, म्हणून डोसआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी बघतात आणि किडनी कमजोर असेल तर गोळ्या कमी करतात. अशात वेदनाशामक गोळीने किडनीवर ताण आणायचा नाही. प्लेटलेट उतरल्या तर त्याच गोळीने रक्तस्राव वाढू शकतो तो वेगळाच. रक्त पातळ करायचं वॉरफेरिन चालू असेल तर ते आवर्जून सांगा, या गोळ्यांबरोबर त्याचा जोर फार वाढतो.

आणि एक जागा अशी आहे जिथं कुणाचं लक्ष जात नाही. घरात गरोदर सून आहे म्हणजे फॉलिक ॲसिडच्या गोळ्या असणार. "ताकदीची आहे, तुम्हीपण घ्या" म्हणून सासूला एक दिली जाते. बाप्पा, नका देऊ! फॉलिक ॲसिडने कॅपेसिटाबिनचा त्रास वाढतो. मल्टिव्हिटॅमिनमध्येही ते असतं.

सूनबाईंना माहेरी पाठवायची गरज नाही. एकत्र बसा, जेवा, सासूचे पाय चेपून दिले तरी चालेल. फक्त केमोच्या गोळीला तिने हात लावायचा नाही, आणि सासूची उलटी, लघवी, खराब झालेले कपडे तिने साफ करायचे नाहीत. ते काम तुमचं, हातमोजे घालून. लोक म्हणतात सलाईननंतर दोन दिवस जपा. पण आई रोज गोळी घेणार ना? मग गोळ्या संपून दोन दिवस होईपर्यंत पाळा. कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश, देशी असेल तर पाणी हळू ओता, उडू देऊ नका. कपडे वेगळे धुवा. गोळी तोडायची नाही, कुटायची नाही, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत पाण्याबरोबर घ्यायची.

आता कूलर. कूलर बंद करू नका, उष्माघात झाला तर ते केमोपेक्षा वाईट. झोत भिंतीकडे वळवा, आईची खाट समोरून हलवा. तोंडावर, घशावर सरळ गार हवा नको. फ्रीजमधलं काहीच नको, बर्फ नको, फ्रीज उघडायचं कामसुद्धा दुसऱ्याने करावं. गार प्यायल्यावर कधीकधी घसा आवळल्यासारखा होतो, श्वास अडकतोय असं वाटतं आणि माणूस घाबरून जातो. बहुतेक वेळा कोमट पाण्याने आणि घसा गरम ठेवल्याने उतरतं. पण खरंच धाप लागली किंवा अंगावर पुरळ उठली, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा. डे केअरमध्ये एसी असतो, तेव्हा शाल आणि मोजे पिशवीत टाका.

त्या दिवशी सैल बाह्यांचा ब्लाउज, बांगड्या घरी, नखांना पॉलिश नाही, कारण बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात. हाताला मेंदी नको, शिरा दिसत नाहीत. आईला बजावून ठेवा की सलाईन चालू असताना हात जळजळला, सुजला किंवा दुखला तर लगेच सिस्टरला हाक मारायची. आपल्या बायका "राहू द्या, कशाला त्रास" म्हणत तास काढतात. ऑक्सॅलिप्लॅटिनमध्ये हातावर कोमट फडकं ठेवतात, बर्फ कधीच नाही.

वजन काट्यावर चप्पल काढून करा आणि दर वेळी नव्याने करा. डोस उंची-वजनावरून काढतात. ऑपरेशननंतर माणूस उतरलेला असतो, जुन्या फाईलमधला आकडा चालत नाही. उपाशी नेऊ नका, साधे पोहे खाऊन जा, तर्री विसरा.

उलटी थांबवायला डेक्सामेथासोन देतात, त्याने शुगर चढते. ग्लुकोमीटर घरी आहे ना? शुगरची गोळी बदलायची का ते आधीच विचारून घ्या.

थर्मामीटर आजच आणा. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेलं की रात्रीचे दोन वाजलेले का असेनात, कॅज्युअल्टीत जायचं आणि पहिलं वाक्य "केमो चालू आहे" हेच बोलायचं. आधी पॅरासिटामॉल देऊन झोपवायचं नाही, ताप दबतो आणि आतलं इन्फेक्शन कळत नाही.

जुलाब हा तुमच्या घरचा खरा धोका, कारण बाहेर ४५ अंश असतं. कितीदा झाले की फोन करायचा आणि कुणाला करायचा, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या.

नंदनवनचा_मुलगा

सिस्टर, खूप आभार. पिशवी भरायला घेतली तर गुडघ्याची गोळी डायक्लोफिनॅकचीच निघाली. दोन शंका आहेत. माठाचं पाणी चालेल का? आणि कुणीतरी डीपीडी की काहीतरी तपासणी सांगितली, ती काय?

निवृत्त_सिस्टर

माठाचं सुरुवातीचे काही दिवस नको. खोलीतलं साधं पाणी द्या, नवतपात ते आपोआप कोमटच असतं.

डीपीडी हे शरीरातलं एन्झाइम आहे, ते या गोळीपासून तयार होणारं औषध मोडतं. काहींच्या शरीरात ते जन्मतःच कमी असतं आणि मग नेहमीचा डोससुद्धा त्यांना जास्त होतो. युरोपच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये ही तपासणी उपचाराआधी करायला सांगितली. आपल्याकडे ती सगळीकडे नेमाने होत नाही, म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा की आमच्या आईची करायची का. पहिल्या काही दिवसांतच तोंड सोलून निघालं किंवा जुलाब थांबेना, तर पुढची गोळी देण्याआधी फोन करा.

वर्धा_रोड

सिस्टरच्या बोलण्यात एक भर घालतो. पुढच्या डोसच्या आधी डॉक्टर विचारतील, शर्टाची बटणं लावता येतात का? बाबा अभिमानाने "हो" म्हणायचे, आणि बटणं आई लावून द्यायची. बोटांच्या मुंग्या पुढच्या डोसपर्यंत टिकल्या तर डोस कमी करायचा असतो, म्हणून हे विचारतात. तुमच्या आईला ब्लाउजचे हूक स्वतः लावता येतात का, ते घरच्या बाईने बघावं.