हेडलाइट चमकवायचं साइड काम सुरू करायचंय, सामान काय घेऊ? (इंदूर)

सुदामानगरी:
नमस्कार मंडळी. नोकरी आहे पण रविवार मोकळा असतो, म्हणून पिवळे पडलेले हेडलाइट साफ करून द्यायचं काम धरावं म्हणतोय. आमच्या कॉलनीतच जुन्या वॅगनआर, सँट्रो, इंडिका, निम्म्या गाड्यांना मोतीबिंदू झालाय. बजेट दहा हजार. ऑनलाइन एक किट दिसला, कपात लिक्विड गरम करून वाफ मारायची की लाइट नवा, तो घेऊ का? आणि पॉलिशर कोणता? सियागंजात सगळं मिळेल ना?

बडोद्याचा पेंटर:
पॉलिशरचं शेवटी बघा हो. आधी हे समजून घ्या की ती काच नाहीच, पॉलीकार्बोनेट आहे, आणि त्यावर कंपनी एक कडक कोटिंग देते जे उन्हाचं यूव्ही अडवतं. ते कोटिंग उन्हानं खाल्लं की प्लास्टिक पिवळं पडतं. तुम्ही घासता तेव्हा उरलंसुरलं कोटिंगपण जातं, म्हणजे नुसतं पॉलिश करून दिलं तर गिऱ्हाईक त्या दिवशी खूश आणि काही महिन्यांनी दारात उभं. तेव्हा पैसा नवीन कोटिंगवर घाला. टूथपेस्टवाल्यांचं पण हेच होतं.

घासायला वॉटर पेपर, खरखरीतपासून बारीककडे: ८००, १०००, १५००, २०००, ३०००, पाणी मारत मारत. ८०० ला आधी पिवळसर चिखल निघतो, तो दुधासारखा पांढरा यायला लागला की समजा वरचा थर गेला. पुसून, वाळवून तिरपं बघा, जुन्या कोटिंगची बेटं राहिली असतील तर नकाशासारख्या कडा दिसतात, तिथे पुढचा नंबर लावू नका, परत ८०० च.

वाफेचा किट नको! त्यात बहुतेक डायक्लोरोमिथेन नाहीतर क्लोरोफॉर्म असतं, प्लास्टिकचा वरचा थर विरघळतो म्हणून चमकतं, यूव्हीपासून बचाव शून्य, वर बारीक तडे जाऊ शकतात. ती वाफ नाकात जाते ते वेगळंच.

विजयनगरवाला:
पेंटर दादांशी सहमत. भिया, डीए पॉलिशरची (गोल फिरता फिरता हलणाऱ्या मशीनची) घाई नको, घरात ड्रिल असेल तर तीन इंची पॅड लावून चालतं, फक्त स्पीड कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका, प्लास्टिक तापलं की खराब होतं. मास्किंग टेप मात्र चांगली आणि डबल लावा, बोनेट-बंपरच्या कडेचा पेंट उडाला तर कमाई तिथेच गेली. कोटिंगआधी आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसायचं, मग बोट लावायचं नाही.

सुदामानगरी:
खूप खूप धन्यवाद! पण कोटिंग नेमकं कोणतं?

बडोद्याचा पेंटर:
टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून स्प्रे करायचा पारदर्शक लॅकर. टिकायला त्याला तोड नाही. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, कापडी मास्क चालत नाही, कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर पाहिजे, आणि पोरं खेळतायत अशा पार्किंगमध्ये तर मारूच नका.

विजयनगरवाला:
मग रविवारी लोकांच्या दारी जाऊन काम करणाऱ्याला ते कसं जमणार दादा? त्यापेक्षा यूव्हीवर सुकणारं वाइप-ऑन (कापडानं पुसून लावायचं) कोटिंग घ्या, उन्हात कडक होतं, पावसाळ्यात यूव्ही लॅम्प लागेल. मे महिन्यात मात्र सकाळी लवकर, लेन्स तापलेली असली की पसरायच्या आधीच आटतं आणि रेघा राहतात. टू-केच्या स्प्रे डब्यातला हार्डनर एकदा फोडून मिसळला की तो डबा एक-दोन दिवसात बाद, तुमच्या एका गाडीसाठी परवडणार नाही. पेपर, टेप, पॅड सियागंजात बघा, कोटिंग ऑनलाइन घ्या. आधी भंगारातून जुना लाइट आणून त्यावर हात साफ करा. आणि जुन्या गाड्यांचे डीलर धरा, काम नियमित मिळतं, पण त्यांना स्वस्तात नुसतं पॉलिश हवं असतं, तिथे गॅरंटी देऊ नका.

छावणीकर काका:
सुदामानगरात कुठे राहता? माझ्या आयटेनचा डावा लाइट धूसर झालाय, बाहेरून हात फिरवला तर एकदम गुळगुळीत लागतो. कितीत होईल?

विजयनगरवाला:
काका, बाहेरून गुळगुळीत म्हणजे धूसरपणा आतून असणार, घासून काही फरक नाही पडायचा. सकाळी आत पाण्याचे थेंब दिसतात का बघा, दिसले तर सील गेलंय.

छावणीकर काका:
दिसतात.

सुदामानगरी:
मग काका उजवा तरी करून देऊ का, तो पिवळा असेल तर? 😄